भर रोवण्यात कमोड

माझं माहेर आंबागडचं. वरतं किल्ला अन खालतं आमी, असं ते गाव. बाप जंगलाच्या कामाले जाये, माय रोवण्याले, म्हणजे धान लावाले, निंदणाले, मोहफुलं वेचाले, अन आमी चार बहिणी तिच्या मांगंमांगं. संडास नावाची वस्तू मी लग्न होईपर्यंत कोणाच्या घरात पाह्यलीच नाही. बाया पहाटे एकमेकींले हाक देऊन झाडीत जात, अन कोणाची सासू कशी, कोणाले दिवस गेले, कोणाचा नवरा मारते, सारं बोलणं तिथंच होये. हासू नोका, खरं सांगून राहिली. तुमीच म्हणल्या ना ताई, सुरुवातीपासून सांग म्हणून. आता संडासाची गोष्ट सांगाची तं सुरुवात तिथूनच होते.

लग्न झालं अन मी इकडं वरठीच्या बाजूले आली. आमचे हे, म्हणजे प्रणिताचे बाबा, लोखंडाच्या प्लांटवर ठेकेदाराच्या हाताखाली कामाले. सायकलनं जायेत, सायकलनं येत, तीस वर्षं झाले, पाऊस असो का ऊन असो. मी रोवण्याची. मायनं दुसरं काही दिलं नाही पण हात दिला. धानाचा परा, ते कोवळं रोप, हातात आला का माझी बोटं आपोआप चालतात, डोकं दुसरीकडं असलं तरी चालतात. आता दहा-बारा बायांची टोळी मीच घेऊन जातो, गुत्त्यानं, एकरामागं पैसे ठरवून, रोवणा घेतो, कोणाची बांधी, म्हणजे धानाचं वावर, कधी धराची ते मीच ठरवतो. गावातले मोठे मोठे शेतकरी रोवण्याच्या दिवसात मले विमलबाई विमलबाई करतात. रोवणा सरला का ओळखत नाही, ते सोडा.

तं संडास. सरकारच्या योजनेत गावात घरोघरी झाले तेव्हा आमच्याही घरामांगच्या मोकळ्या जागेत, सांदवाडीत झाला. खाली बसाचं भांडं, टिनाचा दरवाजा, बाजूले पाण्याची टाकी. मी अन पोरगी जाऊ. हे मात्र एक दिवस गेले नाही. डबा घ्यावा अन तलावाच्या पाळीकडं जावं, पहाटेच. मी म्हणो, अजी, घरी असून बाहेर कायले जाता, तं म्हणत, बंद खोलीत मले होत नाही, छाती दाटते. मानी माणूस आहे ना. आजारी पडले तरी कोणाले पाय दाबू देत नाही, पाण्याचा गिलास सोताच उठून घेतात. मले तं कधी कधी रागच ये, म्हणो का हा माणूस बायको करून कायले आला.

अन मंग ते पडले. रोवणे नुकतेच लागले होते, रस्त्यावर ट्रॅक्टरनं आणलेला चिखल, सायकल घसरली. कोणाची चूक नाही. उजव्या बाजूचा खुबा मोडला. नागपूरले मोठ्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, आत गोळा बदलला म्हणतात. प्रणिता नागपूरलेच राहते, तिच्या सासरी, तं ती दिवसभर बापाजवळ. मी दोन दिवस राहिली अन परत आली, टोळीचा शब्द दिलेला होता लोकायले. तेव्हा वाटलं का चला, ऑपरेशन पार पडलं, मोठं संकट गेलं.

तिसऱ्या दिवशी पोरीचा फोन. आई, बाबा जेवून नाही राहिले. म्हणलं, काहून, दुखते का? नाही म्हणे, दुखण्याचं नाही.  मी म्हणलं, सांगशील का आता का मी इथंच जीव देऊ? तेव्हा सांगतलं तिनं. पलंगावर भांडं द्या लागे ना, तं एक दिवस तिथला माणूस आला नाही अन पोरीनंच दिलं. पोरगी आहे, बापाचं करीन नाही तं कोणाचं करीन? पण त्यायनं तोंड भितीकडं केलं, डोळ्यातून पाणी गेलं म्हणे, अन त्या दिवसापासून जेवणच बंद. दोन घास खावे, ताट सरकवावं, भूक नाही म्हणावं. पोटात काही गेलं नाही तं बाहेर याची भानगडच नाही, असा हिशोब केला माणसानं. साठीचा माणूस, ऑपरेशन झालेला, अन उपाशी मरून राहिला लाजेपायी.

डॉक्टर म्हणे, असं चालणार नाही, जखम भरणार नाही, येत्या शनिवारी सुट्टी देतो, घरी मन रमन तं खातीन. पण घरी खाली बसाचा संडास असन तं अजिबात बसवू नका, उकिडवं बसले का खुब्यातला गोळा सरकन. खुर्चीसारखं पाहिजे. मंग कोणी म्हणलं का लोखंडाची खुर्ची भेटते, मधात भोक अन खाली बालटी. पोरीनं बापाले विचारलं. ते म्हणले, ते बालटी कोण उचलन? तुझी माय? मंग मले घरी नेऊच नोका.

आता बोला. मी फोनवरच म्हणून बसली का अजी, बालटीची गरज नाही, इथं कमोड बसवून झालं, पाणी सोडलं का सारं जाते, कोणाले हात लावा लागत नाही, तुमी फक्त जेवा. सपशेल खोटं. घरी काय बसलं होतं? जुनं भांडं होतं अन त्याच्यावर पाल बसली होती. पण त्या दिवशी त्यायनं वाटीभर खिचडी खाल्ली. पोरीनं फोनवर सांगतलं तं मी रडली, अन रडून झाल्यावर बोटावर दिवस मोजले. रविवार होता तो. शनिवारपर्यंत खोट्याचं खरं कराचं होतं.

गावात नळाचं काम करणारा एकच, धनराज. चांगला पोरगा, माझ्या पोरीच्या बरोबरीचा. त्याले फोन लावला. धनराजभाऊ, कमोड बसवाचं आहे, कधी येशील? तो म्हणे, मावशी, भर रोवण्यात कमोड? आठ दिवस मी चिखलातून निघत नाही, परे वाढून राहिले, बाया भेटून नाही राहिल्या, तुमीच नाही म्हणल्या होत्या मले. अन ते खरं होतं. त्यानं माझी टोळी मांगतली होती अन मी दुसऱ्याले शब्द दिला होता. आता आमच्याकडं असंच आहे ताई, नळवाला असो, लाईटवाला असो का गवंडी असो, सारे आधी धानाचे, मंग त्या कामाचे. रोवण्यात तुमचा नळ फुटला तं चिंधी बांधा अन वाट पाहा. भंडाऱ्याच्या एकाले फोन केला, तो येतो म्हणे, उद्या म्हणे, मंग फोन उचलणंच बंद.

मी धनराजले खरं कारण काहून नाही सांगतलं, असं तुमी विचारसान. प्रणितानंही तेच विचारलं मंग. आता काय सांगू तुमाले. परक्या माणसाले कसं सांगावं का माझा नवरा संडासच्या लाजेनं उपाशी आहे? ज्या माणसानं जन्मभर पाण्याचा गिलास कोणाले मांगतला नाही, त्याची अशी गोष्ट मी गावात वाटू का? मी म्हणलं, नोको. कमोड बसवाचं तं बसवाचं, त्यात काय मोठं? चुली मी घालतो, भिती मी सारवतो, सांदवाडीतला ओटा मीच बांधला, बांधीचे धुरे, ते मातीचे बांध, फुटले तं रात-दिवस चिखलात उभं राहून मीच बुजवले. पाणी कुठून जाते, कसं जाते, कुठं अडते हे कोणी मले शिकवावं? गर्वच झाला म्हणा ना.

टोळी जनाच्या हवाली केली. जना म्हणजे माझ्या टोळीतली, माझ्याहून दोन वर्षांनं लहान, पण जीभ माझ्याहून मोठी. अन मी भंडाऱ्याले गेली दुकानात. दुकानदार विचारते, बाई, तुमची लाईन खाली जाते का मांगं जाते? मी म्हणलं, जाते ना, कुठं का जाईना. तो म्हणे, तसं नाही, पाईप फरशीतून पाहिजे का भितीतून? म्हणलं, पाहून येतो. परत घरी आली, सांदवाडीत बसली, हातोडा अन छन्नी घेऊन जुनं भांडं फोडलं, तेव्हा दिसलं का पाईप खालून आहे. सुतळीनं भितीपासून माप घेतलं, सुतळीले गाठ बांधली, ते गाठ घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा भंडारा. दुकानदारानं सुतळी पाह्यली अन हासला, पण माप बरोबर होतं. ऑटोत खालतं धानाचं तणस टाकलं अन त्यावर कमोड, अन मी त्याले मांडीशी धरून बसली, लेकरासारखं. सारा रस्ता मी ऑटोवाल्याले म्हणून राहिली, भाऊ हळू, भाऊ खड्डा. तो म्हणे, बाई, यात काय आहे? म्हणलं, तू समोर पाह्य.

बुधवारी दुपारी जना आली अन दोघींनं बसवलं. आधी तं तिनं कमोडवर साडी सावरून बसूनच पाह्यलं, अंगणात, अन म्हणे, विमल, माझं वजन घेतलं यानं, तुझा नवरा तं काडी आहे. मी म्हणलं, ऊठ तिथून, मले हासू नोको आणू, मले घाबरल्यासारखं होऊन राहिलं. पाईपावर बरोबर बसलं, सांध्याले सिमेंटचा मसाला लावला, सारं झालं. अन मंग मी खालतं वाकून पाह्यलं तं आतून पोकळ. बूड म्हणजे नुसता काठ, अन मधात सारी हवा.

आता धानाच्या बाईले पोकळी पाह्यवत नाही ताई. धुऱ्यात पोकळी राहिली का खेकडा तिथंच घर करते, पाणी तिथूनच निघते, अन सकाळी उठून पाहा तं बांधी कोरडी. माझ्या मायनं मले लहानपणी हेच शिकवलं, चिखल भर, पायानं दाब, अजून भर, पोकळ ठेवाचं नाही. तं मी काय केलं, कमोड तिरपं करून त्याच्या पोटात सिमेंट भरलं. चांगलं दाट, रेती कमी अन सिमेंट जास्त, का मजबूत व्हावं. मुठीनं ठासून ठासून भरलं. जना म्हणे, वा, आता हत्ती बसला तरी हालणार नाही. दोन दिवस त्यावर पाणी मारलं, पोते ओले करून ठेवले, जसं ओट्याले करतो तसं. गुरुवारी संध्याकाळी हातानं हालवून पाह्यलं तं पहाड. पोरीले फोन केला अन म्हणलं, बाबाले सांग, तयार आहे. त्या वक्ताले मले थोडं बरं वाटलं, खोटं निघून गेलं अंगातून असं.

शुक्रवारी सकाळी चहा मांडला अन म्हणलं, एक बालटी टाकून पाहू. बालटी टाकली, पाणी गेलं, अन मी वळली तं मांगून टण असा आवाज. भांड्यावर चमचा पडते ना, तसा. पाह्यलं तं काही दिसे ना. मंग वाकली तं बुडापासून वरतं, केसावानी रेघ. बोट लावलं तं ओलं. अन माझ्या डोळ्यासमोर ती रेघ वाढली, खरंच सांगतो, इतकी वाढली, अन मधात आली. मी खालीच बसली. माझ्या मनात एकच आलं, हे उद्या झालं असतं तं? ते बसले असते अन खालून फुटलं असतं तं? ते चिनी मातीचं धारदार, काचेवानी, अन त्यायले झटकन उठता येत नाही, त्यायचा ताजा खुबा.  माय वं, म्हणलं, मी नवऱ्याले मारतच होती.

चहा उतू गेला, गॅस तेवढा बंद केला. मी पायात चप्पल नाही काही नाही, तशीच धनराजच्या बांधीवर. सात वाजले असन. तो मांड्यापर्यंत चिखलात, बायको एका बाजूले, अन दुसरं कोणी नाही. पऱ्याच्या जुड्या सारीकडं टाकून ठेवलेल्या, उपटलेला परा, आज लागला नाही तं तापून खराब होईन, हे मले काय सांगा लागते. मले पाहून तो म्हणे, मावशी, तुमी टोळी घेऊन आल्या का? अन मी तिथं धुऱ्यावर उभी राहून जे रडली, ते लग्नात नाही रडली. सारं सांगतलं. लाज सोडली, मान सोडला, नवरा उपाशी कायले आहे, मी खोटं काय बोलली, सिमेंट कसं भरलं, रेघ कशी आली, सारं. त्याची बायको हातात जुडी घेऊन तशीच उभी.

धनराज चिखलातून धुऱ्यापर्यंत आला. मंग म्हणे, खालून सिमेंट भरलं? म्हणलं, ठासून भरलं. त्यानं कपाळाले हात लावला, चिखलाचाच, अन म्हणे, मावशी, कमोड खालून पोकळच ठेवा लागते. सिमेंट वाळताना आवळते, ओलं झालं का फुगते, चिनी मातीले तेवढं सहन होत नाही, ते तडकते. ते धुरा नाही ना. जिसका काम उसी को साजे, म्हणते का नाही? अन मंग रागावला माझ्यावर. म्हणे, काकाची अशी गोष्ट होती तं मले सोमवारी काहून नाही सांगतली? मी काय वैरी आहे तुमचा? कमोड म्हणल्या नुसत्या. मले वाटलं हौस आहे, लोकं बसवून राहिले म्हणून तुमीबी बसवता.

 चूक माझीच. मी म्हणलं, भाऊ, आता काय कराचं ते सांग, उद्या दुपारून ते येतात. तो जुड्याकडं पाहे अन माझ्याकडं पाहे. मले त्याची अडचण दिसून राहिली होती, वर्षाचं धान आहे. तं मी साडीचा ओचा खोचला अन उतरली बांधीत. म्हणलं, तू माझ्या घरी जाय, तुझी जागा मी घेतो. तू तुझं काम कर, मी माझं करतो. त्याच्या बायकोनं लगेच म्हणलं, जा जी तुमी, मावशी दोघाचं लावतात.

तो गेला. त्याच्या घरी एक कमोड पडून होतं, लाखनीच्या एका घरी काम केलं तेव्हा काढलेलं, मालकाले रंग पसंत नव्हता म्हणून. मले काही माहीत नाही, मी बांधीत. बोटं चालून राहिली अन डोकं सांदवाडीत. वाटे, पाईपच फुटला असन तं? सिमेंट निघालंच नाही तं? तो अर्धं करून रोवण्याले परत पळाला तं? दर दोन ओळी झाल्या का मी रस्त्याकडं पाहो. त्याची बायको म्हणे, मावशी, तुमची ओळ वाकडी होऊन राहिली. माझी ओळ! तीस वर्षात कोणी म्हणलं नव्हतं. त्याच्या बायकोच्या फोनवरून जनाले फोन केला तं ती टोळीची दुपारची सुट्टी झाल्याबरोबर दोन बाया घेऊन आली, जेवण तिथंच धुऱ्यावर केलं, तासभर हात मारला अन परत आपल्या कामावर. फुकटात आली असं समजू नोका, आजही ऐकवते मले.

संध्याकाळी परा लागून झाला अन मी घरी धावली. पाहतो तं सांदवाडीत माझं फुटलेलं कमोड दोन तुकडे होऊन, पोटात माझंच सिमेंट, दगडावानी. अन आत गुलाबी कमोड. गुलाबी! लग्नाच्या मंडपासारखं. म्हणलं, धनराज, हे काय रे? तो म्हणे, मावशी, रंगाले पाहू नका, आवाज ऐका. बोटानं टकटक वाजवलं त्यानं, आपण मडकं घेताना वाजवतो तसं, अन मलेही वाजवाले लावलं. खणखणीत. मशीननं जुन्या कोब्यात भोकं पाडून बोल्टानं कसलं होतं, बाजूनं नुसती पांढऱ्या सिमेंटची बारीक रेघ, खालतं पोकळ. पाईपात माझ्या मसाल्याचा एक गोळा पडला होता तो त्यानं खांद्यापर्यंत हात घालून काढला. दुसऱ्याच्या घरच्या तसल्या पाईपात. मी म्हणलं, भाऊ, तुझे उपकार. तो म्हणे, उपकार कायचे, हात धुवाले साबण द्या.

शनिवारी आले ते. प्रणिता सोबत. पोरीनं आल्याबरोबर पहिलं काम काय केलं, संडासच्या दरवाजाची आतली कडी काढली. डॉक्टरनं सांगतलं म्हणे, आत पडले-झडले तं बाहेरच्याले जाता आलं पाहिजे. बरोबरच आहे. मी म्हणलं, काढ बाई.

रविवारी सकाळी ते उठले, वॉकर धरून. मी एका बाजूले, पोरगी एका बाजूले. दारापर्यंत नेलं. त्यायनं आत पाह्यलं अन म्हणे, हे कोणाच्या पसंतीचं? पोरगी हासली. मले हासूबी येईना. ते आत गेले, दरवाजा लोटून घेतला, अन मी त्या दरवाजाच्या फटीजवळ श्वास धरून. टण आवाज येते का, इतकंच ऐकून राहिली. खणखणीत वाजलेलं सोताच्या कानानं ऐकलं होतं, तरी. बराच वेळ झाला. मी म्हणलं, काय झालं जी? आतून म्हणे, जाय ना तिकडं, दारात कायले उभी राहिलीस? इतका जोरात ओरडले का शेजारचा कुत्रा भुंकला. अन मले इतकं बरं वाटलं त्या ओरडण्याचं! पोरीचा हात धरून मी भितीले टेकली. मंग पाण्याचा आवाज आला. त्या दिवशी त्यायनं भात खाल्ला, वरण खाल्लं, अन पुन्हा भात.

तुमाले वाटन, झालं मंग. मलेही तसंच वाटलं. पोरगी आठ दिवसांनं गेली तिच्या घरी. हे चालू लागले, वॉकर गेला, काठी आली. पण पहा, जेवण पुन्हा कमी होऊ लागलं.  मी म्हणो, पोटात दुखते का, दवाखान्यात जाऊ का, तं नुसते मान हालवत. माझा जीव पुन्हा टांगणीले. मंग एक दिवस जेवता जेवता म्हणले, विमल, दरवाजाले कडी लाव.

मी म्हणलं, नाही. साफ नाही. तुमी आत पडले तं? डॉक्टरनं काय सांगतलं? मी रोवण्याच्या बायायले सांभाळतो, तुमाले नाही सांभाळू शकत, पण दरवाजा तं उघडा राहू द्या.  ताटात अर्धा भात तसाच, हात धुतला, उठले. अन मी त्या ताटाकडं पाहत बसली. माझं मले समजलं मंग. लोटलेला दरवाजा म्हणजे कोणी बी येऊ शकते. मी तं दर घडी दार ढकलून पाहो, ठीक आहे ना जी, म्हणो. माझा जीव घाबरते म्हणून. अन त्यायचं तोंड भितीकडं होये, मी पाह्यलं होतं ते, पाहूनही पाह्यलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कडी लावली. धनराजले नाही बोलावलं, कडी बसवता येते मले, चार स्क्रू आहेत. पण एक स्क्रू दोनदा पडला हातातून. कडी लावून मी म्हणलं, घ्या, झालं तुमच्या मनासारखं, पडले तं मले नोका सांगू. पोरीले अजून सांगतलं नाही. तुमीबी सांगू नोका, ती भांडन माझ्याशी.

आता धान कापून झालं. ते काठी घेऊन अंगणात फिरतात, भात पोटभर खातात, चिडचिडही पह्यल्यासारखी करतात. प्लांटवरचं काम गेलं ते गेलं, त्याचं काय रडाचं. पण कडी लागल्याचा आवाज आला का आजही माझ्या हातातलं काम हातातच राहते. कमोड तडकलं तं? पाय घसरला तं? दरवाजा तोडाले कोणाले बोलावू? हे दिवसातून दोनदा, अन मरेपर्यंत असंच राहीन, मले माहीत आहे. परवा मी म्हणलं, अजी, मी दारात येत नाही, हाक मारत नाही, काही नाही, पण आतून मधात मधात खाकरत जा जी, म्हणजे मले बाहेर समजते. त्यायनं काठी उचलली अन अंगणात गेले. पण आता खाकरतात. दोनदा, कधी तीनदा, चांगलं मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईन इतकं. मी तांदूळ निवडत अंगणात बसतो अन बाहेरून काही म्हणत नाही. तेवढं खाकरणं ऐकू आलं का बस, देवाले दुसरं काही मांगत नाही मी.